ऐंशी टक्के
राज्य म्हणतं केंद्राकडे जा, केंद्र म्हणतं राज्याकडे जा. या टोलवाटोलवीत माझी बहीण सुझाना वर्षभर होरपळली. तिचा डिनो एकोणीस वर्षांचा, जन्मापासून हातपाय आखडलेले. त्याचं नाव केंद्राच्या यादीत गेलं म्हणून राज्याची पेन्शन बंद झाली. केंद्राला ऐंशी टक्के अपंगत्व लागतं आणि त्याच्या दाखल्यावर पंचाहत्तर, म्हणून तिकडचीही अडली. राज्याच्या त्या पेन्शनमध्ये स्वतःची भर घालून सुझाना गंगुबाईला पगार द्यायची, आणि गंगुबाई दिवसभर डिनोला सांभाळायची. गंगुबाई सुटली की सुझानाची नोकरी सुटणार होती.

म्हणून कल्याणच्या सरकारी इस्पितळात दाखल्यासाठी फेरतपासणी. आंबिवलीहून रिक्षात बसल्यापासून सुझानाचं एकच पालुपद. "डिनो, खुर्चीतून उठायचं नाय. कोण काय पण बोलू दे."

"अगं, खोटं शिकवतेस त्याला?" मी म्हटलं.

"खोटं कसलं? जरा उभा राहतो म्हणून काय स्वतःच्या हाताने जेवतो? पण हेझल, ते लोक उभा राहिलेलाच बघणार."

बरोबर होतं तिचं.

आत दोन तरुण डॉक्टरांनी डिनोचे गुडघे वाकवले, मिटलेली बोटं उघडून पाहिली. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात पांढऱ्या केसांचे मोठे डॉक्टर आत आले.

आमच्याकडे म्हातारं माणूस समोर आलं की पोरांनी उठून, हात जोडून आशीर्वाद मागायचा. डिनोला हे सुझानानेच शिकवलेलं, कित्येक वर्षं रडारड करून.

"डिनो, नको रे," ती पुटपुटली.

त्याने टेबलाची कड धरली, दातओठ खात उठला, पोट टेबलाला टेकवून वाकडे हात कसेबसे जुळवले. "आशीर्वाद द्या."

डॉक्टर चपापले. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा, बाळा." आणि बसून लिहायला लागले. "उभा राहतो की. पंचाहत्तरच राहतील, बाई."

आवाज मऊ होता. मला मात्र त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

बाहेर डिनोची कळी खुललेली. "मम्मा, पास झालो?"

सुझानाने त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली. "झालास रे. पहिला आलास."

मग तिने गंगुबाईला फोन लावला, "गंगुबाई, उद्यापासून..." एवढंच म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.