जॅकेटच्या बाह्यांतले हात

वंग दाओमिंगला रोगण सोसायचं नाही. ज्या झाडाच्या चिकापासून ते बनतं, त्या चिकाचा नुसता वास आला तरी त्याचे डोळे सुजून मिटायचे, मानेवर पुरळ उठायचं. आणि जन्माला आला होता चीनमधल्या फूचौ शहरातल्या नावाजलेल्या रोगणकाराच्या पोटी. त्याच्या लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोच म्हाताऱ्या वंगने सुनेला कामाच्या खोलीत बोलावलं.

"शूयिन, बस इथे. तुझं अंग टिकतं का बघू."

वर्षभर तीही खाजवून रडकुंडीला आली. मग अंग सरावलं.

त्याला सव्वीस वर्षं झाली. बदकाच्या अंड्याचं टरफल ओल्या काळ्या रोगणावर ठेवून ती बोटाने असं दाबायची, की हव्या तिथेच भेगा पडाव्यात आणि त्यांतून बगळ्याची पिसं दिसावीत. त्यावर रोगणाचे थर, एकेक थर दमट कपाटात वाळवायचा; हे रोगण ओलाव्यातच सुकतं. मग पाणी लावून दगडाने घासत बसायचं, खालचं पांढरं वर येईपर्यंत. शेवटची चकाकी तळहाताने, तेल आणि विटेची वस्त्रगाळ पूड लावून. दाओमिंग गिऱ्हाइकांना चहा पाजायचा, बोलायचा गोड, आणि तयार मालावर घराण्याचा शिक्का उठवायचा.

त्या वर्षी सरकारी किताबासाठी त्याचं नाव गेलं. सोबत कामाची फिल्म जोडायची होती. फिल्म घ्यायला आलेली मुलगी चटपटीत होती. ती म्हणाली, "काका, टरफल बसवून दाखवा. हात अगदी जवळून घेते."

दाओमिंगने बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्याने सुनेकडे.

"दाओमिंगचं जॅकेट घाल गं," तो म्हणाला.

"मी?"

"चेहरा थोडाच दिसणार आहे! घराण्याचं काम आहे. तुझं-माझं काय करतेस?"

शूयिनने जॅकेट चढवलं. बाह्या लांब होत्या, त्या नवऱ्याने स्वतः दुमडून दिल्या. फिल्मवाल्या मुलीने सगळं पाहिलं आणि कॅमेरा खाली वळवला.

"चालेल," ती म्हणाली. "हात मस्त आहेत. मावशी, फक्त अंगठी काढा."

किताब मिळाला. फिल्म टीव्हीवर लागली. श्यामेनला नोकरी करणाऱ्या लेकीचा लगेच फोन आला. "आई, बाबांच्या अंगठ्यावर तुझा व्रण कुठून आला?"

"कळलं ना? मग कशाला विचारतेस?"

"आणि तू गप्प बसलीस?"

शूयिनने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी किताबाची मेजवानी होती. फिशबॉलचं सूप, लाल तांदळाची दारू, माणसं मावेनात. एका पाहुण्याने तिला विचारलं, "वहिनी, तुम्हालाही यातलं थोडंफार येतं का?" ती काही बोलायच्या आत दाओमिंग हसून म्हणाला, "तिला रोगणाचा वाससुद्धा सहन होत नाही!"

सगळे हसले. सासराही हसला. शूयिनने हातातलं सुपाचं भांडं टेबलावर ठेवलं आणि आत जाऊन कपडे बांधले.

शहराबाहेरच्या एका कारखान्यात तिला काम मिळालं. प्लास्टिकच्या ट्रेवर फवाऱ्याने लाल रंग मारायचा. दर मिनिटाला दोन ट्रे. टरफल नाही, दगड नाही. शिकवायला मुकादमाला अर्धा तास लागला.

दोन महिन्यांनी म्हातारा वंग बस बदलत तिथे पोचला. फाटकापाशी उभं राहायलाही त्याला भिंतीचा आधार लागत होता.

"हॉटेलवाल्यांनी सांगितलेला तो रोगणाचा लाकडी घडीचा पडदा अर्धाच झालाय. बगळे तसेच राहिलेत. चल घरी."

"तुमच्या किताबवाल्या मुलाला सांगा ना, बाबा."

"टोचून बोलू नकोस. त्याला जमतं का ते?"

"टीव्हीवर जमत होतं."

म्हाताऱ्याचे डोळे भरले. "मी तुला शिकवलं, पोरी. माझ्या बापाने मला शिकवलं होतं, ते सगळं दिलं तुला."

"दिलंत. आणि मेजवानीत हसलात."

 पाच मिनिटांची सुट्टी संपली होती. तिने त्याला बसपर्यंत नेलं, खिडकीशी बसवलं आणि परत येऊन फवारा उचलला.

पडदा पुढे तिने एकदाच पाहिला, हॉटेलच्या दिवाणखान्यात. दोन बगळे तिचे होते. बाकीचे दाओमिंगने बाजारातल्या पांढऱ्या रंगाने रंगवून घेतले होते. लोक पुढे उभे राहून फोटो काढत होते, त्यांना काही फरक दिसत नव्हता. ती बराच वेळ तिथे थांबली. हे दोन बगळे वेगळे आहेत असं कुणीतरी म्हणेल, असं तिला वाटत होतं.