मिल्काबाईचा मलिदा

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण इस्राएलमधल्या आमच्या दिमोना गावातल्या आरोन चेऊलकरनं एका बेदुईनाच्या उंटाला पोहायला शिकवलं होतं. वाळवंटात. पाण्याशिवाय.

"बिन्यामीनकाका, तोंड कमी चालवा, हात जास्त," आरोनची आई मिल्काबाई म्हणाली. "खोबरं खवायला बोलावलंय तुम्हाला."

मी खवणीवर बसलो होतो. ती मात्र बसतच नव्हती. ताटातली केळी उचलायची, परत ठेवायची, पोह्यांवरच्या गुलाबपाकळ्या सारख्या करायची, खिडकीशी जाऊन यायची. पोरगाही असाच, पायाला भिंगरी लावलेला. मिसरूड फुटायच्या आत आईबरोबर रेवदंड्याहून इथं आला, कापडगिरणीत लागला. यंत्र थांबलं की हा येरझाऱ्या घालायचा. मग लष्करात गेला आणि दारफळणीला, आम्हा ज्यूंच्या सगळ्यात मोठ्या उपासालाच, लढाई पेटली. मिल्काबाई नवसाला पावणाऱ्या नबीला, एलियाहू हन्नाबीला, नवस बोलली : माझा आरोन घरी आण, तुझ्या नावानं गोड पोह्यांचा मलिदा करीन.

आरोन घरी आला. झेंड्यात गुंडाळलेल्या पेटीतून.

प्रार्थना म्हणायला आलेले हझान दारातच घुटमळले. "बाई, हा नवस फेडायचा कसा? पुरा कुठं झालाय?"

"झाला की. घरी आण म्हटलं, आणला त्यानं. सुखरूप म्हणायचं माझंच राहिलं." तिनं पुन्हा केळी उचलली. "नबीचं काय चुकलं त्यात?"

माझी खवणी थांबली. मला शांतता सोसत नाही.

"मिल्का, तो एकटा नव्हता गं," मी म्हणालो. "मी होतो तिथं. पाण्याचा टँकर घेऊन गेलो होतो. चहूकडून तोफा धडाडतायत आणि मी एका हातानं टँकर हाकतोय! त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. म्हणाला, आईला सांगा..."

"खोटं!"

ताट दाणकन ओट्यावर आलं.

"लढाईभर तुम्ही माझ्याच जिन्याखाली होतात, डोक्यावर पातेलं घालून! भोंगा थांबला तरी बाहेर येत नव्हतात. चहा मी आणून देत होते."

हझान जमिनीकडे बघू लागले. मी खवणीवरून उठायला लागलो.

"बसा."

आणि सकाळपासून पहिल्यांदाच ती स्वतः बसली, माझ्यासमोर, फरशीवर. पदरानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"काका," ती म्हणाली, "पाजलंत ते पाणी गार होतं ना?"