तळाशी जाणारी पळी

मी पळी बोलतेय. लांब दांड्याची, एका कडेला चेपलेली. कुणाच्या ताटात काय पडतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

भांडी घडवणाऱ्या म्हाताऱ्यानं मला ठोकून आकार दिला तो पातेल्याच्या तळाशी पोचावं म्हणून. पण या घरात तळाची घट्ट डाळ कमावत्याची आणि पोरांची. शेवटी पातेल्यात पाणी घालून विसळायचं, ते सुनेचं.

सून कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर इस्त्री करत उभी. छातीत गाठ लागली, तर काम जाईल म्हणून गप्प बसली. दवाखाना गाठला तोवर गाठ मोठी झालेली. मग सासूची माया उफाळून आली. "आजारी माणसाला हलकंच द्यावं," म्हणत ती मला वरवर फिरवायची. वरचं पाणी सुनेला, तेही मायेनं.

सलग दुसऱ्यांदा सासू-सून दवाखान्यातून शिरेतून द्यायचं औषध न घेताच परतल्या. रक्त कमी, वजन उतरलेलं. औषध सोसणार नाही, म्हणून पुढची तारीख.

"तू खातच नाहीस, म्हणून," नवरा म्हणाला.

"वाढता काय, ते विचार की," सून म्हणाली. "दवाखान्यात शेजारच्या खुर्चीत बसून औषध घेणाऱ्या बाईला हाच आजार, हेच औषध. तिचं एकदाही चुकलं नाही. आई, तिचा आजार काही माझ्या आजारापेक्षा गुणी नाही. तिचा डबा गुणी आहे."

सासूनं मला उचललं आणि खसकन तळाशी घातलं. पहिलं ताट सुनेचं, वर उकडलेलं अंडं.

"आणि मला?" नवरा.

"तुला वरचं. तुझं रक्त कुणी कमी म्हणालं नाही."

पुढच्या खेपेला औषध मिळालं. अजून बरंच बाकी आहे. आजार डाळीनं जात नाही, एवढं मलाही कळतं. पण औषध झेलायला अंगात काही लागतं की नाही?

तळ खरवडून माझा दांडा आता खिळखिळा झालाय. असू दे. काही दिवस पातेलंच अर्धं असतं, तेव्हा मी तरी काय वर आणू? "दूध प्या, फळं खा" सांगून मोकळं होणाऱ्यांनो, सुनेला बोल लावण्याआधी हे पातेलं बघून जा. ते अर्धं का, याचं उत्तर तिच्याकडे मागू नका.

दांडा निखळला तर माझी वाटी हातात धरून वाढा. पण तिच्या ताटाच्या वेळी मी पुन्हा वरवर फिरणार नाही.