कोकराचा उसना अंगरखा

या, असे जवळ सरकून बसा. मेंढवाड्यातली एक गोष्ट सांगतो. ऐकून डोकं गरगरलं तर मला बोल लावू नका.

एक होती आक्का. माणसांपेक्षा मेंढ्यांशी जास्त बोलायची. घरात सुनेला सातवा महिना, आणि आक्काची देवाकडे एकच मागणी, नातवंड सुखरूप हाती यावं. सुनेला ती बादलीसुद्धा उचलू देत नसे. कोकरांना बाटलीनं दूध पाजायचं हलकं काम तेवढं तिच्याकडे.

त्या हंगामात टिकली नावाची मेंढी गाभडली. दिवस भरत आले असताना मेलेलं कोकरू पडलं. कास दुधानं तटतटलेली, आणि कोपऱ्यात एक पोरकं कोकरू भुकेनं ओरडतंय. जुन्या मेंढपाळांची युक्ती आक्काला ठाऊक होती. तिनं मेलेल्या कोकराचं कातडं सोलून पोरक्याला अंगरख्यासारखं चढवलं. बांधताना सुनेनं ते कोकरू मांडीवर घट्ट धरून ठेवलं. टिकलीनं हुंगलं, आपलंच समजली आणि पान्हावली. देवाचा हिशेब बघ, आक्का सुनेला म्हणाली, एकीचं गेलं पण एकाला आई मिळाली.

पुढं आणखी एक गाभडली, मग तिसरी. आक्काला काही उमजेना. चारा बुरसटला असेल म्हणून बदलला. कुत्र्यानं पळवल्या असतील म्हणून बिचाऱ्याला बांधून घातलं. बरं, मेंढ्या तर ठणठणीत! टिकली दोघींचं खात होती. आजारी कुणीच नाही, मग आजार शिरला कुठून?

जनावरांचा डॉक्टर आला, पडलेला जार, म्हणजे कोकरामागून पडणारी वार, पिशवीत घालून तपासायला घेऊन गेला. परतला तो दारातच थांबला. म्हणाला, हे जंतूंचं काम आहे. मेंढी वरून धडधाकट दिसते, पण जार, मेलेलं कोकरू, त्याचं कातडं, सगळीकडे जंतू. मग त्यानं विचारलं, घरात कोणी गरोदर आहे का?

आक्काच्या तोंडचं पाणी पळालं.

"सून आहे. पण ती मेंढ्यांकडे फिरकत नाही, फक्त कोकरांना..." तिची नजर अंगरखा घातलेल्या कोकराकडे गेली.

"हे जंतू माणसालाही लागतात, पोटातल्या बाळाला धोका असतो. आजच्या आज तिला दवाखान्यात न्या आणि हे सगळं सांगा. नंतर इथं ठेवू नका. आणि आक्का, तुमच्या कपड्यांवरूनही जातात ते जंतू. तुम्हीही लांबच राहायचं."

सून दवाखान्यातून परस्पर तिच्या आईकडे गेली. तूर्त ठीक आहे, ताप आला तर लगेच या, एवढाच निरोप आला. 'तूर्त' म्हणजे किती, हे कुणाला विचारावं ते आक्काला सुचेना.

तिनं कातडं जाळलं. उघडं कोकरू टिकलीकडे निघालं, तेव्हा वाटलं, आता ही त्याला हाकलणार. टिकलीनं हुंगलं आणि पाजू लागली. आक्का बघतच राहिली. आपण दया केली की घात? हात तर तेच होते.

तेवढ्यात सुनेचा फोन आला.

"आई, आत्ता लाथ मारली बघा."

"मार म्हणावं," आक्का म्हणाली, "कोकरांपेक्षा जोरात मार म्हणावं." हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही.

बाळ अजून यायचंय, बाबांनो. आज हात जोडाल तेव्हा त्या सुनेची आठवण ठेवा.