तीन पुकारे

मित्रांनो, मी एक म्हातारं बाकडं आहे. कोर्टाच्या दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून उभं असतं. सुताराने एका खोडातून साहेबांची खुर्ची केली आणि उरल्यासुरल्या फळ्यांतून मला. बहीण आत गेली, मी बाहेर राहिलं. तिच्यावर न्याय देणारे बसतात, माझ्यावर न्याय मागणारे. तिची गादी दरवर्षी बदलतात. माझ्या वर आलेल्या खिळ्याला कोणी हातोडीसुद्धा दाखवत नाही.

पूर्वी लोक कौतुकाने म्हणायचे, "बाकडं बाकी मजबूत हं!" मजबूत असावंच लागतं. वाट बघणाऱ्या माणसाचं वजन फार असतं.

एक आजी चार वर्षं माझ्यावर येऊन बसायच्या. मुलगा कोठडीत, आणि खटला अजून सुरूच नव्हता. अखेर जामीन मंजूर झाला. आजीच जामीनदार.

"पुकारा झाला की आत जाऊन सही करा," वकील म्हणाले. "संध्याकाळी लेक घरी!"

इथली रीत अशी, की शिपाई दारात येऊन तीनदा नाव पुकारतो. ओ आली नाही, की माणूस गैरहजर. त्या दिवशी शिपायाला खोकल्याने बेजार केलं होतं.

"अरे लेका, घसा सोलवटला की तुझा! थांब, पाणी आणते."

"राहू द्या आजी, तुमचा नंबर येईल."

"दोन घोट पाण्याला असा कितीसा वेळ लागतोय?" म्हणत आजी जिना उतरल्या.

आत घंटा वाजली. शिपायाने तीनदा पुकारलं. मला तोंड असतं तर!

"साहेब, माझ्यासाठीच पाणी आणायला गेल्यात. आल्याच."

"तीनदा पुकारलंस ना? नियम सगळ्यांना सारखा. पुढची तारीख द्या."

साहेब वाईट नव्हते हो. पण उंच खुर्चीतून दार दिसतं, दाराबाहेरचं दिसत नाही.

आजी भरला पेला सांभाळत आल्या. "घे, आधी पी. माझं नाव आलं का रे?"

शिपायाने भरला पेला तसाच माझ्या कडेला ठेवला.

तारीख तीन महिन्यांनंतरची लागली. त्या दिवशी शिपायाने जिन्याच्या तोंडाशी जाऊन सात वेळा पुकारलं. आदल्याच आठवड्यात आजी देवाघरी गेल्या होत्या. दुसरा जामीनदार मिळाला नाही. लेक अजून आतच आहे.

मित्रांनो, देवाने हाक मारायला तोंड दिलं, तसे बघायला डोळेही दिले. उद्या तुमच्यातलं कोणी त्या खुर्चीत बसेल. जरूर बसा. माझा खिळा ठोका, नाहीतर राहू द्या. पण कोणाला गैरहजर ठरवण्याआधी एकदा उठून दाराबाहेर या. चारच पावलं आहेत. मला ती कधी चालता आली नाहीत.