मंडळाचं विसर्जन

"डावीकडे दहा अंश!" मागच्या सीटवरून हेर क्रूगर ओरडले.

"डावीकडे तळं आहे, हेर क्रूगर," नागेश म्हणाला.

हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत; क्रूगर हे नागेशचे जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमधले घरमालक. २०१४ साल, वय ब्याण्णव. दुसऱ्या महायुद्धात ते रात्रीच्या लढाऊ विमानात मागे बसून रडारवर शत्रूचं बॉम्बफेकी विमान शोधत आणि वैमानिकाला दिशा सांगत. ती सवय सत्तर वर्षांत गेली नव्हती. गाडी कुणीही चालवो, तो त्यांचा वैमानिक.

आज त्यांच्या स्क्वाड्रनमधल्या जुन्या सैनिकांच्या मंडळाची वार्षिक सभा होती, ब्राउनश्वाइगजवळच्या एका खाणावळीत. लांबलचक टेबलाशी एकटे हेर लिंडनर बसले होते. जुने वैमानिक, कानांनी अधू. तिसरे सभासद जानेवारीतच वारले होते.

"ठरावाला तीन सभासद लागतात," क्रूगर म्हणाले. "नागेश, इथे सही कर."

"मी? अहो, मी चिंचवडचा!"

"नियमांत गावाबद्दल काही नाही."

अशा रीतीने चिंचवडचे नागेश साठे जर्मन स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले.

ठराव एकच होता: मंडळ बंद करणे. क्रूगरनी हात वर केला. लिंडनरनी केला नाही.

"मग वर्षातून एकदा मला जेवायला कोण बोलावणार?"

"आपण गेल्यावर मंडळाचं नाव कोण घेणार, ठाऊक आहे?" क्रूगर त्यांच्या कानाशी ओरडले. "काळ्या बुटांतली ती नवनाझी पोरं! दोनदा माझ्या दारात आली. आपण पाडलेल्या एकेका विमानात सात-सात जण होते, लिंडनर. त्यावर यांना झेंडे नाचवू द्यायचे?"

लिंडनरनी मान खाली घातली. हात मात्र वर गेला नाही.

एकास एक. दोघेही नागेशकडे बघू लागले. नागेश घाबरून बाहेर गेला आणि त्याने बायकोला फोन लावला.

"कुणाच्या मंडळात शिरलास तू?" अरुंधती किंचाळली. "आईंना काय सांगू?"

"अगं, बुडवायलाच घेतलंय मला."

"मग बुडव आणि ये घरी!"

नागेश आत आला तो थेट लिंडनरच्या कानाशी वाकला.

"आमच्याकडे मंडळाचा गणपती बुडवताना 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतात. मंडळ बुडू दे. जेवायला मी बोलावतो. न्यायलाही येतो."

हे सगळ्या खाणावळीला ऐकू गेलं. लिंडनरनी विचार केला.

"मासे असतील?"

"हो, हो. मासे."

"बियर?"

"बियरसुद्धा!"

हात वर गेला. क्रूगरनी चष्मा पुसला आणि सभा संपल्याचं उभं राहून जाहीर केलं.

पुढच्या वर्षी नागेश वृद्धाश्रमाच्या फाटकाशी पोचला, तेव्हा लिंडनर कोट-टाय चढवून बाहेरच उभे होते. त्यांनी गाडीत वाकून पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

"क्रूगर?"

"गेले," नागेश म्हणाला.

लिंडनरनी टायची गाठ सैल केली.

"चल," ते म्हणाले. "भूक लागलीय."