प्रतिध्वनीला वेळ नेमून देणारा भागोबा

हात नाहीत, पाय नाहीत, बसायला पाट नाही, निजायला खाट नाही, तरी शेकडो गाण्यांत माझा मुक्काम! ओळखा पाहू मी कोण? नाही ना ओळखता आले? मित्रांनो, मी एक जुना, पिटुकला संगणक-प्रोग्रॅम आहे. माझे नाव भागोबा.

मला एकच गणित येते. एकच! पण बावीस वर्षांत ते एकदाही चुकलेले नाही, हे मी छाती फुगवून सांगतो. छाती नसली म्हणून काय झाले?

माझा जन्म एका रेकॉर्डिंग स्टुडिओत झाला. डोंगरासमोर हाक मारली की ती परत येते ना, तसा प्रतिध्वनी तिथला रेकॉर्डिस्ट गाण्यांना जोडायचा. आवाज किती उशिराने परत यावा, त्या उशिराला ही मंडळी ‘डिले’ म्हणतात. हा उशीर मनाला येईल तेवढा ठेवून चालत नाही. प्रतिध्वनी ठोक्यावर परत आला तर गाण्याला सोबत मिळते. ठोका चुकवून आला तर जिना उतरताना एक पायरी हुकल्यासारखे होते.

म्हणून रेकॉर्डिस्ट प्रत्येक गाण्याआधी कागदावर भागाकार मांडायचा. एका मिनिटात साठ हजार मिलिसेकंद असतात. मिनिटाला गाण्याचे जितके ठोके, तितक्यांनी साठ हजारांना भागायचे. शंभर ठोके असतील तर उत्तर सहाशे. म्हणजे सहाशे मिलिसेकंदांनी परतलेला आवाज बरोबर पुढच्या ठोक्यावर पाऊल ठेवतो. सोपे आहे ना? पण सत्त्याऐंशी ठोक्यांचे गाणे आले की रेकॉर्डिस्टची बोटे केसांत जायची आणि वादक चहाला निघून जायचे.

त्याची थोरली बहीण शाळेत गणित शिकवायची. एकदा ती हसून म्हणाली, “अरे, माझी सहावीतली पोरं हे बोलता बोलता करतात!”

“मग त्यांनाच आणून बसव ना ताई इथे!”

“त्यांना कशाला छळतोस? थांब जरा.”

आणि एका रविवारी, जेवणानंतर, ताईने मला लिहिले. एक चौकट ठोके लिहायला, एक चौकट उत्तराला. गाण्याचे ठोके ठाऊक नसतील तर कीबोर्डवरचे लांब बटण गाण्याबरोबर दाबत राहायचे. दोन दाबांमधले अंतर मोजून ठोके मी सांगतो. मला उघडले की मी आधी विचारतो, “गाणे कसे चालले आहे?” त्याचे उत्तर मिळेपर्यंत मी जागचा हलत नाही. भागाकार करतो म्हणून रेकॉर्डिस्टने माझे नाव भागोबा ठेवले.

काय दिवस होते ते! लग्नाची गाणी, शाळांची गाणी, साबणाच्या जाहिराती, सगळ्यांचा उशीर मी ठरवला. कुठे काही अडले की आरोळी यायची, “भागोबाला विचारा!”

मग एक नवा, भलामोठा प्रोग्रॅम आला. त्याला हजार कामे येत. त्यात गाण्याचा वेग एकदा भरला की डिले आपोआप ठरे. मी जुन्या संगणकासह कोपऱ्यात गेलो आणि आमचा पडदा हेडफोन टांगायची खुंटी झाला. ज्याच्याजवळ उत्तर आहे, त्याला कुणी प्रश्नच विचारू नये, हे फार लागते हो!

अशीच पाच वर्षे गेली. एका दुपारी गाण्याचे एक मास्तर आले. सोबत त्यांची लेक होती. ती पोटुशी होती. मास्तरांच्या घशाचे ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी होते. आवाज नंतर कसा राहील, याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. लेक लहान असताना मास्तरांनी तिच्यासाठी एक अंगाई रचली होती. ती येणाऱ्या बाळासाठी त्यांना स्वतःच्या आवाजात ठेवून जायची होती.

पण स्टुडिओच्या गाद्या लावलेल्या भिंती आवाज गिळून टाकतात. मास्तर म्हणाले, “इथे गातोय की उशीत तोंड खुपसलंय, काही कळेना!” म्हणून रेकॉर्डिस्टने त्यांच्या हेडफोनमध्ये प्रतिध्वनी सोडला. लेकीने घरच्या जुन्या टेपवरून वेग काढून आणला होता, ऐंशी ठोके. नव्या प्रोग्रॅमने लगेच साडेसातशे मिलिसेकंदांचा उशीर लावला.

मास्तर गायला लागले आणि दुसऱ्या ओळीलाच थांबले. पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबले. पाचव्यांदा त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“कुणीतरी मागून ढकलतंय हो मला. चला, चला म्हणून.”

“मास्तर, आकडा बरोबर आहे. ऐंशीच आहे,” रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“बाबा, आवाज बसत चाललाय. राहू दे ना,” लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

“राहू दे काय? उद्या कुणाकडून मागून आणू?”

त्या दिवशी ताई भावाला भेटायला आली होती. आता तिने विचारले, “ती टेप कधीची गं?”

“माझ्या बारशाच्या सुमाराची. तीस वर्षं झाली.”

“अगं, तेव्हा यांचा दम तीस वर्षांनी तरुण होता!” ताई भावाकडे वळली. “आणि तू रे? गाणारा समोर बसलाय आणि तू टेपला विचारतोस?”

खरे सांगतो, नव्या प्रोग्रॅमलाही ठोके मोजता येतात. त्याचा दोष नव्हता. पण ताईचा हात सवयीने माझ्याकडे आला. तिने हेडफोनचे भेंडोळे बाजूला केले, संगणक सुरू केला, मला उघडले आणि कीबोर्ड मास्तरांच्या तळव्याखाली सरकवला.

“हेडफोन नको. नुसतं गुणगुणा. आणि बाळाला थोपटता तसं या लांब बटणाला थोपटा.”

मित्रांनो, आजवर लोकांनी मला बडवले होते, टोचले होते, एकाने तर माझ्यावर चहा सांडला होता. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला थोपटले. हलका पण ठाम हात होता तो. मला झोप येईल अशी भीती वाटली! पण मी एकेक अंतर नीट मोजले आणि सांगितले: ठोके सहासष्ट, उशीर नऊशे नऊ.

“म्हणजे प्रतिध्वनी ठोक्याच्या आधीच पोचत होता,” रेकॉर्डिस्टने जीभ चावली. “मास्तर, मीच ढकलत होतो तुम्हाला. माफ करा.”

“ढकल आता बाळाचा पाळणा,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी हेडफोन चढवला.

रेकॉर्डिस्टने नऊशे नऊचा उशीर लावला, हेडफोनमध्येही आणि रेकॉर्डिंगमध्येही. या वेळी प्रत्येक शब्द गेला आणि पुढच्या ठोक्यावर अलगद परत आला. मास्तरांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. दुसरी ओळ गेली, तिसरी गेली, पुरते गाणे झाले. शेवटच्या शब्दानंतर मास्तर गप्प बसले, तरी त्यांचा आवाज येतच राहिला, एकदा, मग हळू, मग अगदी हळू. तो पुरता विरेपर्यंत रेकॉर्डिस्टने रेकॉर्डिंग थांबवायच्या बटणाला बोट लावले नाही.

तीन महिन्यांनी लेकीचा निरोप आला. ताईने तो मोठ्याने वाचला: “मुलगी झाली. बाबांचा आवाज अजून घोगराच आहे. ते तिला मांडीवर घेतात आणि गाणं लावतात. ते थोपटतात, गाणं गातं.”

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरात एकच काम येणारे जुने कुणी कोपऱ्यात पडले असेल, तर त्याच्यावरची धूळ झटका. वापरा, सांभाळा. आणि कुणाबरोबर चालायचे असेल, तर त्याचा आजचा श्वास आधी मोजा.

आत्ता कुठल्याशा खोलीत एक बाळ पेंगुळले असेल. मास्तरांचा शब्द संपत असेल आणि बरोबर नऊशे नऊ मिलिसेकंदांनी परत येत असेल. तेवढा उशीर माझा आहे.